सुई टोचून घेण्यापूर्वी

गुडघेदुखीने जिना उतरणे अवघड झालेल्या ज्येष्ठांना कोणीतरी ॲक्युपंक्चर सुचवते. घाटकोपर, मुलुंड परिसरात तशा पाट्याही दिसतात. किती बैठकांत आराम पडेल, हे आपण विचारतो. शिक्षण कोठे झाले, हे विचारण्यास मात्र संकोचतो.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या पथकासमवेत चीनला गेले, त्यातीलच डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी पुढे ही विद्या तेथे शिकून कोलकात्यात रुजवली. महाराष्ट्रात तिच्यासाठी कायदा झाला तो थेट २०१५ चा. त्यानुसार उपचारकांची नोंदणी ॲक्युपंक्चर परिषदेकडे होते. ऑस्ट्रेलियात चिनी वैद्यकाच्या उपचारकांना १ जुलै २०१२ पासून राष्ट्रीय नोंदणी अनिवार्य आहे. मेलबर्नला मुलाकडे गेलेल्या आजीआजोबांना उपचारकाचे नाव संगणकावर घरबसल्या पडताळता येते.

तेव्हा नोंदणी क्रमांक अवश्य विचारावा. चांगला उपचारक त्याने दुखावत नाही. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, पेसमेकर यांविषयी त्याने न विचारताही सांगावे. पेसमेकर असल्यास सुयांना वीजप्रवाह जोडू देऊ नये. सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढलेली असावी. आणि त्यासोबत चिनी वनौषधी दिल्यास, विशेषतः वॉर्फरिन चालू असताना, ती आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखविल्याशिवाय घेऊ नये.