सेवा करणाऱ्याचे वैयावृत्त्य

दोन पिढ्यांपूर्वी व्यापारी जैन घरातील मुलगा शिक्षण आटोपले की बहुधा दुकानाच्या गादीवर बसत असे. आज त्याच घरांतील मुले-मुली वैद्यकीय महाविद्यालयांत जातात, रुग्णालयांत काम करतात. प्रवेशाची बातमी आली की पेढे वाटले जातात, संघाच्या कार्यक्रमात सत्कार होतो. या अभिमानात गैर काही नाही. मात्र सत्कारानंतरच्या वर्षांत त्या मुलाच्या किंवा मुलीच्या मनाची विचारपूस क्वचितच होते.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी नेमलेल्या कृतिदलाने २०२४ मध्ये अहवाल दिला. निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांहून अधिक नसावे आणि एक दिवस सुटी असावी, अशी शिफारस त्यात आहे. हिशेब केला तर सहा दिवस रोज बारा तासांहून अधिक काम होते, आणि ही कमाल मर्यादा म्हणून सुचवलेली आहे. अनेक ठिकाणी काम याहूनही अधिक असते, रात्रपाळीला लागूनच दिवसपाळी येते.

अशा कामाने माणूस थकतो, पण प्रत्येक थकवा झोपेने जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात ‘बर्नआउट’चा उल्लेख आजार म्हणून नव्हे, तर कामाशी जोडलेली अवस्था म्हणून आहे. तिची लक्षणे तीन : शक्ती पार संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. घरात ही अवस्था वेगळ्या रूपात दिसते. बोलणे कमी होते, लहानशा प्रश्नावर चिडचिड होते, सुटीच्या दिवशीही झोप लागत नाही. घरचे त्याचा अर्थ लावतात, ‘डॉक्टर झाली आणि बोलणे बदलले.’ येथेच पहिली चूक होते. थकव्याला अहंकार समजले जाते.

व्यापाऱ्याला रोजमेळाची सवय असते. रात्री गल्ला मोजला, जमाखर्च जुळला की मन निवांत होते. रुग्णालयातील दिवस असा जुळत नाही. सर्व उपचार योग्य होऊनही रुग्ण दगावतो आणि नातेवाइकांचा आक्रोश डॉक्टरच्या कानात राहतो. ते सारे घेऊन ती घरी येते आणि दोन शब्द बोलू पाहते, तेव्हा उत्तर तयार असते : ‘त्याचे आयुष्यकर्म तेवढेच होते, तू मनाला लावून घेऊ नकोस.’ सिद्धांत खरा आहे, पण त्यालाही वेळ असते. पहिल्याच क्षणी सांगितलेला कर्मसिद्धांत सांत्वन करत नाही, बोलणाऱ्याचे तोंड बंद करतो. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत स्थितिकरण सांगितले आहे : जो डळमळतो आहे त्याला पुन्हा स्थिर करणे. स्थिर करण्याची सुरुवात ऐकण्यापासून होते. ‘आज फार जड गेले का?’ एवढे विचारून घरातील एकाने वीस मिनिटे शांत बसावे. सल्ला मागितला तरच द्यावा.

दुसरा भार भांडवलाचा. ‘तुझ्या शिक्षणाला इतके लाख लावले’, ‘स्वतःचे हॉस्पिटल कधी काढणार?’ ही वाक्ये कौतुकाने म्हटली जातात. पण ज्याच्यावर घराचे भांडवल गुंतले आहे, त्याला ‘आता मला झेपत नाही’ हे म्हणता येत नाही. त्यात रात्री अकरा वाजता नातेवाइकांचे रिपोर्ट मोबाइलवर येत राहतात. घरातील एखाद्या वडीलधाऱ्याने या विनंत्या स्वतःकडे घ्याव्यात आणि तातडीचे नसेल त्यांना रविवारी बोलू असे सांगावे. घराच्या डॉक्टरलाही दुकान बंद करण्याची वेळ असावी.

व्रतांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. सूर्यास्तानंतर न जेवण्याचा घराचा नियम आणि रात्री नऊला संपणारी ड्यूटी यांचा मेळ बसत नाही. तत्त्वार्थसूत्रात तीर्थंकर-नामकर्माची कारणे सांगताना त्याग आणि तप शक्तीनुसार करण्याचे सांगितले आहे. घराने संध्याकाळपूर्वी डबा पोहोचवता येईल का हे पाहावे, आणि नियम मोडला गेला तर टोमणा मारू नये. पर्युषणात कोणाच्या अठ्ठाईशी तिची तुलना करू नये.

सुनेच्या बाबतीत आणखी एक माप तपासून पाहावे. मुलगा रात्रपाळी करून आला की घर दबक्या पावलांनी वावरते. सून रात्रपाळी करून आली की स्वयंपाकघर तिची वाट पाहत असते. दोघांच्या थकव्याला तराजू एकच असावा.

काही वेळा घराची माया पुरेशी नसते. निराशेचे बोलणे, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे उद्गार, आठवडेच्या आठवडे झोप वा भूक नसणे, किंवा स्वतःच झोपेची औषधे घेऊ लागणे दिसले तर थांबू नये. ‘तो स्वतः डॉक्टर आहे, त्याला कळते’ हा भ्रम आहे. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये, थेट विचारावे आणि मनोविकारतज्ज्ञाकडे सोबत जावे. केंद्र सरकारची टेलीमानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास उपलब्ध असते आणि मराठीतही बोलता येते.

‘बाहेर कळले तर स्थळे येणार नाहीत’ या भीतीने अनेक घरे गप्प बसतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाला त्याच्या उपचारांविषयी गोपनीयतेचा हक्क देतो. शास्त्रातील उपगूहनाचा भावही हाच आहे, दुसऱ्याची उणीव चव्हाट्यावर मांडू नये. पण उणीव झाकणे म्हणजे उपचार टाळणे नव्हे. लपवलेली जखम आतल्या आत चिघळते.

वैयावृत्त्य हे सहा अंतरंग तपांपैकी एक. ते ज्यांचे करावयाचे त्यांत ‘ग्लान’ म्हणजे आजारी, क्षीण झालेल्याचा समावेश आहे. मूळ संदर्भ साधूंचा आहे, पण त्यातील भाव श्रावकाच्या घरालाही लागू पडतो. दिवसभर इतरांच्या ग्लानीची सेवा करणारी व्यक्ती स्वतः ग्लान होऊन दारात उभी राहते, तेव्हा तिला शांत खोली, गरम जेवण आणि हिशेब न मागणारी माणसे मिळाली, तर घरच्यांच्या हातूनही तेच तप घडते.