दिवा मागच्यासाठी

दोस्तांनो, दिवाळी सरली की सातारा-सांगलीकडच्या रस्त्यांवर काय दिसायला लागतं? बरोब्बर, उसाच्या गाड्या! कराड तालुक्यातल्या रेठरे बुद्रुकला, वाळवा तालुक्यातल्या साखराळ्याला, कारखान्यांच्या वाटेवर एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या डुलत निघतात. मागून पळत जाऊन एखादं कांडं ओढावं असं वाटतं. (मोह आवरा बरं का!) आज आपण या गाडीचा मागचा भागच बघणार आहोत, पण रात्री आणि लांबून.

समजा, रात्रीची वेळ आहे. बाबांच्या मागे मोटारसायकलवर बसून तुम्ही पेठ नाक्याहून सांगलीकडे निघालात. वेग ताशी 60 किलोमीटर. म्हणजे सेकंदाला किती मीटर? वहीत करून बघा, जवळजवळ 17. पुढे टायर फुटलेली उसाची ट्रॉली उभी आहे आणि तिच्या मागे दिवाच नाही. आपल्या उजेडात ती 40 मीटरवर दिसली असं धरू. ती ओळखून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद जातो. तेवढ्यात 25 मीटर संपले! ब्रेक लागल्यावरही कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी 20-25 मीटर लागतात. करा बेरीज. बाबा जागे होते, ब्रेकही चांगले होते, तरी रस्ता अपुरा पडला.

आता नियम बघा. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मागचा लाल दिवा 155 मीटरवरून दिसला पाहिजे. कायद्याच्या लेखी ट्रॉलीसुद्धा मोटार वाहनच! आता 155 ला 17 ने भागा. नऊ सेकंद मिळाले. मघाशी अडीचसुद्धा नव्हते.

आणि मागचा दिवा लालच का? पुढे पांढरा आणि मागे लाल, असं ठरलेलं असलं की अंधारात नुसत्या रंगावरून कळतं. पांढरा दिसला तर गाडी समोरून येतेय. लाल दिसला तर ती आपल्याच दिशेने चाललीय किंवा उभी आहे.

पण वायर तुटली, बॅटरी उतरली तर? त्यासाठीच दिव्याच्या जोडीला लाल रिफ्लेक्टर लावायला सांगितलेत. याची गंमत कॅरम बोर्डावर कळते. स्ट्रायकर कोपऱ्याजवळ एका कडेवर आपटून लगेच दुसऱ्या कडेवर आपटला, की आला त्याच दिशेला परत फिरतो. रिफ्लेक्टरमध्ये असेच तीन बाजूंचे शेकडो बारीक कोपरे असतात. आपल्या दिव्याचा उजेड ते आपल्याकडेच परत पाठवतात. 1969 साली अपोलो 11 चे अंतराळवीर चंद्रावर अशाच कोपऱ्यांची एक चौकट ठेवून आले. पृथ्वीवरून सोडलेला लेसरचा झोत तिच्यावरून आजही परत येतो!

चंद्रावरचा रिफ्लेक्टर चालतो, मग आपल्या ट्रॉलीचा का चालत नाही? कारण त्याच्यावर चिखल बसतो. नाहीतर मागे लोंबणारं वाढं त्याला झाकून टाकतं. रिकाम्या ट्रॉलीवर छान दिसणारा दिवा भरल्या ट्रॉलीवर दिसतोच असं नाही. बैलगाडीला तर बॅटरीच नसते. ती मोटार नव्हे, म्हणून मोटारीचे नियम तिला लागू नाहीत. पण अंधार तर तिलाही लागू आहे ना? लाल रिफ्लेक्टरच्या पट्ट्या तिच्याही मागे हव्यातच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळ्यांमधली तुमच्याएवढी मुलं पुष्कळदा याच गाड्यांवर बसून एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात. मागचा दिवा त्यांनाही सांभाळतो, आणि मागून येणाऱ्या तुमच्या बाबांनाही.

तेव्हा एक काम कराल? घरची किंवा शेजारची ट्रॉली अंगणात उभी असेल, तेव्हा मोठ्यांना विचारून तिचे रिफ्लेक्टर ओल्या फडक्याने लख्ख पुसा. ऊस भरला असेल तर चार पावलं मागे जाऊन दिवे दिसतात का ते बघा. वाढ्याने झाकले असतील तर चालवणाऱ्या काकांना सांगा, "काका, मागचं काही दिसत नाही हो!" आणि हो, आपल्या सायकलचा मागचा रिफ्लेक्टरही विसरू नका. तो जागेवर आहे ना?