सायकलीचा शृंगार

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वर्गातील बाकांखाली रंगीत क्रेप कागदाच्या गुंडाळ्या दिसू लागल्या, की सुट्टी जवळ आली हे मला दिनदर्शिका न पाहताच कळते. गोव्यात नाताळ हा काही ख्रिस्ती घरांपुरताच राहत नाही. शेजारच्या ओसरीवर बांबूच्या कामट्यांचे कागदी नक्षत्र लटकले, की आमच्या हिंदू घरांतील मुलांचेही हात शिवशिवू लागतात. मग हँडलाला झिरमिळ्या, कॅरियरला फुगे आणि पुढच्या टोपलीत कागदी चांदणी लावून सायकलींची वरात वाड्यावाड्यांतून हिंडू लागते.

गेल्या पालकसभेत एका गृहस्थांनी या नटव्या सायकलींविरुद्ध तक्रार मांडली. डिसेंबरात पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्यांनी रस्ते भरून वाहतात, वळणे अरुंद, वाहने हाकणारे अनोळखी. तेव्हा सुट्टीभर मुलांच्या सायकली कुलपात ठेवाव्यात आणि ही सजावट शाळेनेच बंद करावी, असे त्यांचे म्हणणे. त्यांची भीती खोटी नव्हे. पण भीतीवर त्यांनी काढलेला तोडगा मला पटला नाही. वर्षभर शिकवणीच्या वेळापत्रकाने बांधलेल्या मुलास रस्ता आपला वाटावा असे दिवस ते किती? तेवढेच काढून घेतले, तर उरले काय?

खंडेनवमीस आपण हीच सायकल धुतो, तिला तेल देतो, गंधफूल वाहून झेंडूची माळ घालतो. तेव्हा कोणी तिला थिल्लर म्हणत नाही. त्या पूजेतला क्रम मात्र मुलांनी ध्यानात घेण्याजोगा आहे: आधी धुणे, मग तेल, आणि माळ सर्वांत शेवटी.

हा क्रम मी स्वतः एकदा मोडला. आठवीत असताना थोरल्या भावाच्या सायकलीच्या मागच्या चाकाच्या तारांतून मी चंदेरी फीत ओवली होती. शेजारच्या ख्रिस्ती घरातील मायने कुसवाराचे ताट दोन वाड्यांपलीकडे पोहोचवावयास दिले. निघताना आजी ओसरीवरून म्हणाली, ‘दिवो नासतना काळखांत वचूं नाका गो.’ मी हसले, कारण माझी सायकल तर नखशिखान्त चमकत होती! उताराला फितीचे टोक सुटले, चेनमध्ये ओढले गेले व मागचे चाक जागच्या जागी थिजले. नेवऱ्या आणि दोदोल गटारात. मी त्यांच्या शेजारी. मागून येणाऱ्या टेंपोने अगदी जवळ येऊन करकचून ब्रेक लावला. चालक खाली उतरून एवढेच म्हणाला, ‘बाय, तू मला दिसलीच नाहीस.’ कोपराचा व्रण अजून आहे, पण त्याहून ते वाक्य अधिक टिकले.

इतकी चमकदार फीत असून मी दिसले नाही ते का? चंदेरी कागद आरशासारखा प्रकाश भलतीकडेच फेकतो. मडगार्डवरील लाल परावर्तकाच्या आतले बारीक कोन मात्र आलेला प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेस, म्हणजे वाहन हाकणाऱ्याच्या डोळ्यांकडे, परत धाडतात. आणि माझ्या फुग्यांनी नेमका तोच झाकला होता.

विजेऱ्यांवर चालणाऱ्या इवल्या दिव्यांच्या माळा आता स्वस्त झाल्या आहेत; त्यांस माझी हरकत नाही. पण पुढे पांढरा आणि मागे लाल ही रस्त्याची भाषा आहे. तिच्यावरून गाडीवाला ओळखतो, की समोरची सायकल आपल्याकडे येत आहे की आपल्यापुढे चालली आहे. पुढेमागे सारखेच हिरवे-निळे दिवे लुकलुकू लागले, तर ती भाषाच बिघडते. म्हणून रंगीत माळ दांड्यावर गुंडाळावी, दोन्ही टोके रस्त्याच्या भाषेसाठी मोकळी सोडावी. ज्यांच्या घरी जुना डायनॅमो आहे त्यांनी तोही जरूर लावावा. मात्र चाक थांबले की तो दिवा मालवतो, हे तिठ्यावर उभे राहताना विसरू नये. चाके, चेन आणि ब्रेक यांच्या जवळपास कागदाचा तुकडासुद्धा नको. (क्रेप कागदावर दंव पडले की त्याचा रंग पांढऱ्या सदऱ्यावर उतरतो, हे आयांना मी सांगावयास नकोच.)

सजावट ही दिसण्यासाठी असते, हे आपला पदेर आपल्याहून चांगले जाणतो. पूर्वी तो खुळखुळणाऱ्या चकत्यांची बांबूची काठी आपटीत पायी येत असे. पुढे सायकल आली आणि काठीच्या जागी रबरी भोंगा आला. त्या भोंग्याला कोणी नटवेपणा म्हणेल काय? उजाडण्यापूर्वीच्या धुक्यातही तो कोणत्या वळणावर आहे हे साऱ्या वाड्यास कळते.

डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सहा वाजून गेले की लगेच मावळतो, मे महिन्याअखेरच्या मानाने सुमारे पाऊण तास आधी. खेळ संपवून घरी परतण्याची वेळ नेमकी त्या संधिप्रकाशात सापडते. म्हणून पालकांस माझी विनंती अशी, की कुलपाऐवजी एक मागचा दिवा आणावा, आणि मुलांबरोबर एक संध्याकाळ त्या सजावटीस स्वतः हात लावावा.

येत्या डिसेंबरात, सुट्टी लागण्याच्या आदल्या सायंकाळी, शाळेच्या मैदानावर सर्वांनी आपापल्या शृंगारलेल्या सायकली आणाव्यात असा माझा विचार आहे. अंधार पडला की पन्नास पावलांवरून, डोळ्यांच्या रेषेत विजेरी धरून मी एकेक सायकल पाहीन. बक्षीस सर्वांत सुंदर सायकलीस नव्हे, तर सर्वांत आधी दिसेल तिला. माझी स्वतःची सायकलही त्या रांगेत असेल; तिच्या घंटीस गंज चढला आहे, तेवढा तोवर काढावयाचा आहे.