ठेवा शोधू या, वडीलधाऱ्यांच्या सोबतीने

‘रोज थोडे चालत जा’ हा सल्ला वृद्धांना जवळजवळ प्रत्येक तपासणीत मिळतो. पहिले काही दिवस तो पाळलाही जातो; पुढे पावले अंगणातच थबकतात. त्याचे कारण दर वेळी गुडघ्यांतच असते असे नाही. कोठे जायचे आणि कशासाठी, या प्रश्नाला उत्तर नसते. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढील व्यक्तींना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव सुचविते. या मिनिटांना हेतूची जोड देणारा एक खेळ येथे सांगावासा वाटतो.

त्याचे नाव जिओकॅशिंग. मे २००० मध्ये उपग्रहाद्वारे मिळणारी स्थाननिश्चिती सर्वसामान्यांसाठी अधिक अचूक झाली. लगेच ३ मे रोजी अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर यांनी रानात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. शोधणाऱ्याने जागा गाठावी, वहीत नाव लिहावे आणि ठेवा होता तसा ठेवून परतावे, एवढाच खेळ. याचा एक प्रकार आभासी ठेव्याचा आहे. त्यात काहीही लपविलेले नसते. त्या जागी जाऊन, नीट पाहूनच देता येईल असे एका प्रश्नाचे उत्तर शोधायचे असते. प्राचीन वास्तूंच्या परिसरात हाच प्रकार योग्य. तेथे काही पुरू नये, खोदू नये, विटाही हलवू नयेत.

अशा शोधासाठी धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव जणू घडविलेलेच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात ‘तगर’ नगरीचा उल्लेख येतो. तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. हे तगर म्हणजे आजचे तेर, हे मत फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले.

घरातील नातवंडाने फोनवर तीन ठिकाणे नोंदवावीत. पहिले, विटांनी बांधलेले त्रिविक्रम मंदिर. प्रश्न: मागची भिंत सरळ आहे की गोलाकार? हत्तीच्या पाठीसारखा तो घाट पाहूनच ही वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असावी, असे अभ्यासक मानतात. दुसरे, रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले संग्रहालय. प्रश्न: येथील मणी, दिवे, मातीची खेळणी यांपैकी कशासारखी वस्तू आजीच्या माहेरी होती? तिसरे, तेरणाकाठचे गोरोबाकाकांचे मंदिर. थापटण्याने संतांची डोकी पारखून नामदेवांना कच्चे मडके ठरविल्याची कथा आजोबांनी सांगावी. मग रांजण, डेरा, गाडगे, परळ, पणती यांतला फरक मुलांना समजावावा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनी मिळते; पुढच्या दोहोंचे उत्तर फोनमध्ये सापडत नाही. ते वृद्धांपाशीच असते. एरवी ‘तुम्ही बसा, आम्ही पाहतो’ असे ऐकणाऱ्या माणसावाचून येथे खेळ पुढे सरकत नाही. औषधाच्या डब्यात न मिळणारी ही मात्रा आहे. ती कथा वहीत उतरवून घ्यावी. सांगणारा गेल्यावर ती दुसरीकडे कोठे सापडेलच असे नाही.

सोबत असणाऱ्यांसाठी काही पथ्ये. मराठवाड्यातील उन्हाळ्यात बाहेर पडणे टाळावे. एरवीही सकाळी निघून ऊन चढण्याआधी परतावे. एका दिवशी एकच ठिकाण पुरे. घट्ट बसणारी पादत्राणे, काठी, पाणी आणि नेहमीची औषधे जवळ असावीत. मधुमेह असल्यास साखर किंवा गोड खाऊही. उंच उंबरे व ओबडधोबड पायऱ्या हात धरून ओलांडाव्यात, बसल्यावर एकदम उठू नये. छातीत दुखणे, धाप किंवा भोवळ जाणवल्यास तेथेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीस ‘आठवते का?’ असे विचारू नये. तो प्रश्न परीक्षेसारखा बोचतो. वस्तू दाखवावी, ‘आमच्याकडे असाच रांजण होता’ असे आपणच म्हणावे आणि शांत राहावे. उत्तर चुकले तरी दुरुस्त करू नये. अशा व्यक्तीस क्षणभरही एकटे सोडू नये; तिच्या खिशात नाव आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

आणखी एक भान हवे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरगा भागातील अनेक गावे नव्या जागी वसली. जुन्या गावठाणात आपले घर कोठे होते, हे तेथील वृद्ध आजही बोटाने दाखवू शकतात. ती जागा मुलांना दिसावी असे आपल्याला वाटेल. पण तेथे जायचे की नाही, हे त्यांनीच ठरवावे. नको म्हटले तर विषय तेथेच सोडावा. हो म्हटले तर बरोबर पाणी आणि बसायला सतरंजी न्यावी, आणि त्या दिवशी घड्याळाकडे पाहू नये.

आपल्या गावी तेरइतका प्राचीन वारसा नसेलही. जुनी वेस, बारव, बंद पडलेली गिरणी, शाळेपुढचा पार यांनीही भागते. येत्या रविवारी एक जागा वडीलधाऱ्यांनीच निवडावी, आणि तिच्याविषयीचा पहिला प्रश्नही त्यांनीच घालावा.