रंग पोत्यातच मेला, तर सूत काय करणार?

मेंढपाळ बांधवांनो आणि सूत कातणाऱ्या मायभगिनींनो,

कातरणी झाली की लोकरीचे करायचे काय, हा प्रश्न आज माणदेशात वाड्यावाड्यावर आहे. कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा निघेना, म्हणून कित्येक ठिकाणी लोकर बांधावरच टाकून देतात. पानिपतची जुन्या कापडाच्या धाग्याची ब्लँकेटे स्वस्तात दारात येतात, घोंगडीला गिऱ्हाईक मिळत नाही. हे सारे खरे. पण लोकर मातीमोल होण्यात आपलाही थोडा हात आहे. काळी, तांबूस, करडी, पांढरी, सगळी लोकर आपण एकाच पोत्यात कोंबतो. पोत्यात मिसळलेला रंग मग कुणाच्या बापाला वेगळा करता येत नाही.

तेव्हा कातरतानाच पोती वेगळी ठेवावीत. कोकरांचे जावळ निराळे, कारण मऊपणात त्याची बरोबरी दुसरी लोकर करीत नाही. पांढरी लोकर तर जपावीच, रंग खरा तिच्यावरच खुलतो. तोच रंग करड्या लोकरीला दिला तर खोल, मंद छटा येते. तीही चांगली दिसते, पण ती ठरवून यावी, चुकून नव्हे. काळीवर काही चढत नाही, ती आहे तशीच वापरावी.

रंगवताना एक किलो कोरड्या लोकरीला 100 ते 150 ग्रॅम तुरटी पुरते. मंजिष्ठेचा लाल आणि डाळिंबाच्या सालीचा पिवळा टिकतात. हळद दिसते झकास, पण उन्हात उडते. गिऱ्हाइकाला फसवू नये. लोकर गार पाण्यातून हळूहळू तापवावी आणि त्याच भांड्यात निवू द्यावी. उकळत्यातून काढून थेट गार पाण्यात बुचकळली आणि वर चोळली, की तिचा नमदा झालाच म्हणून समजा! आपल्या दख्खनी लोकरीत भरड केस असतात. ते रंग फिका दाखवतात, म्हणून एकाच भांड्यातली लोकर ठिपकेदार दिसते. हा दोष समजून कुणी टाकून देऊ नये. शहरातले गिऱ्हाईक नेमके तेच शोधते.

आता रंग मिसळायचा कुठे? पिंजताना मिसळला तर दोन रंगांचा तिसरा होतो, पुन्हा वेगळा दिसत नाही. पीळ देताना मिसळला तर जवळून दोन्ही दिसतात, लांबून एक होतात. काळ्याबरोबर मंजिष्ठेचा पदर पिळून बघा, निखाऱ्यासारखे सूत होते. पण लाल आणि हिरवा एकत्र पिळाल तर चार हातांवरून चिखल दिसेल. पांढरा आणि काळा पिळला तर नुसते पट्टे दिसतात, त्यात करड्याचा एक पदर घातला की डोळ्याला बरे वाटते. म्हणून आधी वीतभर नमुना पिळावा, दाराबाहेर उन्हात धरून लांबून पाहावा, मगच पुढचे काम.

घोंगडीला एकेरी सूत चालते, चिंचोक्याची खळ ताणा सांभाळते. आसन, पिशवी, गालिचा यांना मात्र दुपदरी हवे. कातताना पीळ ज्या बाजूला दिला, त्याच्या उलट दोन पदर पिळावेत. लड धुऊन टांगल्यावर सरळ लोंबली तर पीळ बरोबर. गुंडाळी होऊन वर चढली तर कमीजास्त झाला आहे.

खरी गोम पुढेच आहे. कातणारीला मजुरी मिळते किलोवर. जाड, ढिले सूत लवकर वजन भरते. बारीक कातून, रंग जुळवून, दोनदा चरख्यावर घेणारी बाई तेवढ्याच किलोला कितीतरी जास्त दिवस बसते. म्हणजे चांगले काम करणारीलाच दंड! हे कोणत्या न्यायात बसते? दुपदरी सुताचा दर वजनावर नव्हे, लडीच्या लांबीवर ठरला पाहिजे आणि पीळ देण्याचे पैसे वेगळे धरले पाहिजेत. बचत गटांनी फेऱ्या मोजून ठराविक लांबीची लड बांधावी, तिच्यावर नमुन्याचा तुकडा लावावा आणि व्यापाऱ्याशी लडीच्या भावानेच बोलावे. काट्यावर टाकायला त्याच्या हाती सूत देऊ नये.