वीज गेली तर प्राणवायूचे काय?

श्रीवर्धन तालुक्यातून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या सासऱ्यांना फुफ्फुसांचा जुना विकार आहे. रात्रभर आणि दुपारच्या विश्रांतीच्या वेळी त्यांना प्राणवायू द्यावा लागतो आणि त्यासाठी घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे. पावसाळा सुरू झाला की वीज जाते, आणि गेलेली वीज कधी येईल याचा नेम नसतो. पुण्यातील दिरांनी पेट्रोल आणि गॅस अशा दोन्ही इंधनांवर चालणारा, उचलून नेता येण्याजोगा जनरेटर पाहून ठेवला आहे. ‘तो घ्यावा का, आणि घेतला तर केवढा?’ असे त्या विचारतात. प्रश्न वरकरणी यंत्राचा आहे. पण ज्या घरात कोणाचा श्वास विजेवर अवलंबून असतो, त्या घरात तो औषधोपचाराचाच भाग होतो.

त्यांची काळजी कोकणातील कोणालाही समजेल. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, विजेचे खांब जागोजागी आडवे झाले आणि रायगड-रत्नागिरीतील कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. मोबाइलचे मनोरे बंद पडल्याने मदत मागणेही अवघड झाले होते. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. अशा वेळी आपल्या लक्षात न येणारी एक गोष्ट अशी की, पेट्रोल पंपावरील टाकीत पेट्रोल असले तरी ते वर खेचणारे यंत्रही विजेवरच चालते. दोन इंधनांच्या जनरेटरचे खरे मोल येथे आहे. एक इंधन मिळेनासे झाले तर दुसरे हाताशी असते.

तथापि, भगिनींना माझे पहिले सांगणे असे की, वीज गेल्यावरची पहिली दहा मिनिटे कोणताही जनरेटर भरून काढू शकत नाही. तो बाहेर काढायचा, इंधन पाहायचे, सुरू करायचा, तार जोडायची, आणि हे सारे कदाचित रात्री दोन वाजता, पावसात. तेवढ्या वेळात रुग्णाची घालमेल होते. म्हणून प्राणवायूवर असलेल्या रुग्णाच्या घरात आधी भरलेला सिलिंडर हवा. ज्याला ‘बी टाइप’ म्हणतात त्या सिलिंडरमध्ये सुमारे दीड हजार लिटर प्राणवायू असतो. मिनिटाला दोन लिटर या प्रमाणात तो बारा तासांच्या आसपास पुरतो. त्याची किल्ली त्याच्याच गळ्यात बांधलेली असावी आणि नळी जोडण्याचा सराव घरातील दोघांना तरी असावा. त्यानंतर येतो घरातील नेहमीचा इन्व्हर्टर. १५० अँपिअर-अवर क्षमतेची चांगल्या स्थितीतील एक बॅटरी पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण तीन तास चालवते. मात्र इन्व्हर्टर ‘प्युअर साइन वेव्ह’ प्रकारचा हवा. जनरेटरचा क्रमांक यानंतरचा. या दोन्हींची पूर्वतयारी असेल तरच तो शांत चित्ताने सुरू करता येतो.

आता क्षमतेचा हिशेब. तो दुकानातील जाहिरातीवरून न करता घरातील यंत्रांच्या पाठीवर चिकटवलेली पट्टी वाचून करावा. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर ३०० ते ३५० वॅट घेतो, दहा लिटरचा ६०० च्या घरात. झोपेत श्वास अडखळणाऱ्यांचे सी-पॅप यंत्र ३० ते ६० वॅटवर भागवते. त्याला हवा दमट करणारे भांडे जोडले तर मात्र हा आकडा दुप्पट होतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या हवेच्या गादीला नाममात्र वीज लागते. साधा पंखा ७५, एलईडी दिवा दहा. फ्रिज चालताना दीडशे वॅटच्या आतबाहेर असतो. पण सुरू होण्याच्या क्षणी तो तिपटीने-पाचपटीने ओढतो. कॉन्सन्ट्रेटर, फ्रिज, दोन पंखे आणि चार-पाच दिवे मिळून हा भार सातशे वॅटच्या जवळपास जातो. फ्रिजच्या त्या क्षणिक उसळीसाठी पाचशे-सहाशे वॅटची मोकळीक ठेवली तरी दोन केव्हीएचा, म्हणजे सलग सुमारे १६०० वॅट देणारा जनरेटर या घराला पुरेसा आहे. पाण्याचा पंप या हिशेबात धरू नये. वीज असताना टाकी भरून ठेवावी. वातानुकूलन यंत्राचा तर विचारच सोडावा.

खरेदी करताना दोन आकडे दिसतात, एक ‘कमाल’ आणि एक ‘सलग’. विक्रेता पहिला सांगतो. आपण दुसरा विचारावा. तोही गॅसवर किती, हे विचारावे. कारण त्याच इंजिनातून पेट्रोलपेक्षा गॅसवर साधारण दहा टक्के कमी शक्ती मिळते. उंचावरही शक्ती घटते. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाचकांनी आणखी पंधरा टक्के वजा करावेत. ‘इन्व्हर्टर प्रकारचा’ जनरेटर थोडा महाग पडतो. पण त्याची वीज नाजूक वैद्यकीय यंत्रांना मानवते, आवाज कमी असतो आणि भार हलका असताना इंजिन आपोआप मंदावून इंधन वाचवते. ‘मोठा घेऊन ठेवू, असू दे’ हा आपला आवडता विचार येथे उपयोगाचा नाही. पाच केव्हीएच्या यंत्राचे वजन पाऊणशे किलोच्या पुढे जाते. ते हलवणार कोण?

दोन इंधनांची कल्पना आपल्याकडे नवी नाही. पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर चालवायचे लहान जनरेटर ज्येष्ठ वाचकांनी लग्नमंडपांत आणि दवाखान्यांच्या दारात पाहिले असतील. त्यांचा वास अजून नाकात असेल. आजच्या यंत्रात रॉकेलची जागा स्वयंपाकाच्या गॅसने, म्हणजे एलपीजीने घेतली आहे. गॅसचा मोठा गुण हा की तो साठवणीत शिळा होत नाही. पेट्रोलचे तसे नाही. आता त्यात इथेनॉल मिसळलेले असते, ते हवेतील ओल शोषून घेते आणि चार-सहा महिने पडून राहिलेले पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरते. ऐन वादळात यंत्र सुरू न होण्याचे हे नेहमीचे कारण आहे. तेव्हा ठेवून देताना टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावेत. पेट्रोलचा साठाही बेताचाच असावा. कायद्याने खासगी वापरासाठी परवान्याशिवाय तीस लिटरपर्यंत मुभा आहे. पण ते घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात हवे, प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये नव्हे. गॅसच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घरगुती लाल सिलिंडर स्वयंपाकासाठीच दिलेला असतो. जनरेटरसाठी व्यावसायिक किंवा बाजारभावाने मिळणारा पाच किलोचा सिलिंडर घ्यावा. लहान जनरेटर एक किलो गॅसमध्ये दीड ते दोन युनिट वीज देतो, म्हणजे पाच किलोत पाचशे वॅटचा भार पंधरा ते वीस तास निघतो. रात्री फ्रिज बंद ठेवला तर आणखी.

आता जे सांगणार आहे ते यंत्र न घेणाऱ्यांनीही वाचावे. जनरेटर कोणत्याही इंधनावर चालो, त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. गॅस ‘स्वच्छ’ जळतो म्हणून त्याचा धूर निरुपद्रवी, हा समज जीवघेणा आहे. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो आणि प्राणवायूला जागाच उरत नाही. ज्याची फुफ्फुसे वा हृदय आधीच थकलेले आहे, त्याला सर्वांत आधी त्याचा फटका बसतो. २०२० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील ल्युइझियाना राज्यात लॉरा चक्रीवादळ आले, तेव्हा वादळातून वाचलेली अनेक माणसे नंतर जनरेटरच्या धुराने दगावली.

आपल्याकडे हा धोका एका ठरावीक क्षणी उभा राहतो. अंगणात यंत्र चालू असते, पावसाची सर येते, आणि यंत्र भिजू नये म्हणून कोणीतरी ते पडवीत ओढून घेते. पडवीला भिंती नसल्या तरी तिचे छप्पर घराला लागूनच असते. धूर खिडक्या-दारांतून माजघरात शिरतो. कॉन्सन्ट्रेटरही खोलीतलीच हवा ओढत असतो. म्हणून जागा आधी ठरवावी, यंत्र मागाहून. घरापासून किमान वीस फूट दूर, खिडक्यांच्या वाऱ्याच्या दिशेला नाही, धुराचे तोंड घराकडे नाही, आणि वर चारही बाजूंनी मोकळे असे चार खांबांवरचे पत्र्याचे छप्पर. तेथून घरापर्यंत जाड, तीन तारांची केबल. एवढी जागा नसेल तर जनरेटर घेऊ नये. सदनिकेच्या बाल्कनीत, जिन्याखाली, वाहनतळात तो कदापि चालवू नये. शहरातील वाचकांनी त्याच पैशांत दुसरी बॅटरी आणि आणखी एक प्राणवायूचा सिलिंडर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

विषबाधेची लक्षणे फसवी असतात. डोके जड होणे, मळमळ, चक्कर, गळून जाणे, बोलण्यात विसंगती. वयस्क माणसाच्या बाबतीत आपण ‘पित्त झाले’, ‘साखर कमी झाली असेल’ म्हणून मोकळे होतो. खूण ही की घरातील दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागते आणि बाहेर गेल्यावर बरे वाटते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर येथे अजिबात विसंबू नये. त्याला प्राणवायू आणि कार्बन मोनॉक्साइड यांतील फरक कळत नाही. रुग्ण गुदमरत असतानाही तो ९८ दाखवू शकतो. शंका आली की सर्वांना मोकळ्या हवेत न्यावे, मग यंत्र बंद करावे आणि १०८ ला बोलवावे. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे, बॅटरीवर चालणारे लहान उपकरण मिळते. जनरेटर घेणाऱ्या प्रत्येक घरात ते रुग्णाच्या खोलीत असायलाच हवे.

जोडणीबद्दल थोडक्यात. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटरची वीज भिंतीतील सॉकेटमधून घरात सोडण्याचा ‘जुगाड’ अनेक ठिकाणी दिसतो. ती वीज उलट मार्गाने रोहित्रापर्यंत जाते, तेथे अकरा हजार व्होल्टपर्यंत चढते आणि तार दुरुस्त करायला खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव घेऊ शकते. एक तर परवानाधारक वीजतंत्र्याकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा, नाहीतर कॉन्सन्ट्रेटर आणि फ्रिज सरळ जनरेटरच्या केबलवरच लावावेत. इंजिन सुरू होऊन दोन-तीन मिनिटे स्थिरावल्यावरच कॉन्सन्ट्रेटर जोडावा. पेट्रोल भरायचे तर यंत्र बंद करून पंधरा मिनिटे थंड होऊ द्यावे, आणि प्राणवायूचा सिलिंडर त्याच्या आसपासही आणू नये.

आता एक प्रश्न, जो दुकानात कोणी विचारत नाही. हे यंत्र सुरू कोण करणार? अनेक घरांत पंच्याऐंशी वर्षांच्या सासऱ्यांची देखभाल साठीच्या सूनबाई करतात. दोरी ओढून इंजिन सुरू करायला खांद्यात आणि कमरेत जोर लागतो. हर्नियाची वा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्या माणसाने तो प्रयत्न करू नये. पेसमेकर बसवलेल्यांनी चालू इंजिनावर वाकू नये, हातभर अंतर ठेवावे. बटणावर सुरू होणारे यंत्र घ्यावे. पण त्याची बॅटरीही पडून पडून उतरते, म्हणून महिन्यातून एकदा, भार लावून, वीस मिनिटे चालवावे. त्याच दिवशी तेल पाहावे.

हाच विचार प्रवासालाही लागू आहे. आषाढीच्या वाटेवर दिंडीच्या ट्रकवर जनरेटर असतो आणि त्याच्या उजेडात राहुट्या दाटीने उभ्या राहतात. ज्येष्ठ वारकऱ्यांनी झोपायची राहुटी ट्रकपासून लांबची मागून घ्यावी. दिंडीचालक नाही म्हणत नाहीत. पवनेच्या काठी तंबूत राहायला जाणाऱ्या कुटुंबांत कोणाला सी-पॅप लागत असेल, तर त्या एका यंत्रासाठी जनरेटर न्यायचे कारण नाही. रात्रभर पुरेल एवढी बॅटरी पिशवीत मावते, आवाज करत नाही आणि धूर सोडत नाही.

श्रीवर्धनच्या भगिनींच्या घराला मागे मोठे अंगण आहे, असे त्यांनी लिहिले आहे. तेव्हा दिरांनी पाहिलेले यंत्र सलग १६०० वॅटचे, इन्व्हर्टर प्रकारचे आणि बटणावर सुरू होणारे असेल तर जरूर घ्यावे. पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला ते घरी आणायला सांगावे, मेन स्विच बंद करावा, गॅसवर यंत्र सुरू करून त्यावर कॉन्सन्ट्रेटर आणि फ्रिज लावावा आणि अर्धा तास पाहावे. ते चालू करण्याचे काम त्या वेळी विक्रेत्याने नव्हे, सूनबाईंनी करावे.