बाशिंग : आश्रित, परंतु परोपजीवी नव्हे

कोकणात व सह्याद्रीच्या पायथ्याशी पावसाळ्यात जुन्या आंब्याच्या खोडाकडे पाहावे. खोडाच्या बेचक्यात, कधी काळ्या कातळावरही, मोठ्या हिरव्या पानांचा झुबका डोलताना दिसतो. हेच बाशिंग. नवरदेवाच्या कपाळीच्या आभूषणाचे नाव या नेच्याला मिळाले आहे. शास्त्रीय नाव ड्रायनेरिया क्वर्सिफोलिया, म्हणजे ओकसारख्या पानांचा.

बाशिंगाला दोन प्रकारची पाने असतात. एक लांब देठाची, खोल कातरलेली व हिरवी. ती अन्न तयार करतात आणि त्यांच्या पाठीवर बीजाणूंचे ठिपके येतात. नेच्यांना फूल नाही, बी नाही. या धुळीसारख्या बीजाणूंतूनच वंश पुढे चालतो. दुसरी पाने आखूड, बिनदेठाची, खोडाला चिकटलेली. ती लवकरच तपकिरी होऊन कागदासारखी वाळतात, पण गळत नाहीत. त्यांच्या परडीत वरून पडणारा पाचोळा साठतो, कुजतो आणि त्याचे खत होते. मुळे त्याच खतात शिरतात. उन्हाळ्यात हिरव्या पानांच्या पाकळ्या झडून नुसत्या शिरा उरतात; मात्र केसाळ खवल्यांनी झाकलेले जाड खोड जिवंत राहते व पहिल्या पावसाबरोबर पुन्हा पालवते.

अनेक बागांत हा झुबका बांडगूळ समजून खरवडला जातो. हा गैरसमज दूर होणे अगत्याचे आहे. बांडगूळ आपली शोषक मुळे फांदीच्या लाकडात घुसवून झाडाचा रस घेते. त्यामुळे ते वेळीच काढणे योग्यच. बाशिंगाची मुळे सालीच्या वरच राहतात. झाडाकडून ते केवळ जागा घेते. अन्न स्वतः तयार करते आणि पाणी पावसाचे व दवाचे घेते. ओळख सोपी आहे. बांडगुळाची फांदी जोडाशी सुजलेली असते व त्याला फुले-फळे येतात. बाशिंगाखालची साल अखंड असते. फांदी किडकी असेल आणि भाराने मोडण्याचा धोका असेल, तरच बाशिंग उतरवावे व खोडासकट दुसऱ्या झाडावर किंवा दगडावर बांधून ठेवावे.

दुसरा धोका बाजाराचा आहे. तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात याच्या खोडाचे सूप सांधेदुखीवर गुणकारी मानून विकले जाते. पान तोडले तर नेचा पुन्हा फुटतो. खोडच संपूर्ण खरवडून नेले तर त्या जागचे बाशिंग संपते. व्यापारात पिढ्या घालवलेल्यांना मुद्दल आणि व्याज यांतील भेद वेगळा सांगावा लागत नाही. रानातून येणाऱ्या मालाची खरेदी करताना हाच भेद लक्षात ठेवला, तर कातळावरचे हे हिरवे वैभव पुढच्या पिढीलाही पाहता येईल.